भगीरथाचे पुत्र आणि जन्हूचे वारस

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगावर पहिला तांब्या घेताना घरातली वडील मंडळी गंगेचे नाव घेतात. पाणी नळाचे असेल, आडाचे असेल, नाहीतर आदल्या संध्याकाळी आलेल्या टँकरचे असेल. नाव मात्र गंगेचे. आणि गंगा म्हटली की भगीरथ आलाच. सगराच्या साठ हजार पुत्रांची राख, त्यांच्या उद्धारासाठी भगीरथाने केलेले तप, शंकराच्या जटांत अडकलेली आणि मग त्याच्या रथामागून धावत निघालेली गंगा, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. याच कथेत पुढे जन्हू नावाचा एक ऋषी येतो. त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. गंगा धावत असता वाटेत जन्हूची यज्ञभूमी लागली आणि गंगेने ती सगळी बुडवून टाकली. ऋषी संतापला, आणि त्याने उभी गंगा पिऊन टाकली. पुढे देवांनी विनवण्या केल्या तेव्हा कोठे त्याने ती कानावाटे सोडली, आणि ती त्याची मुलगी ठरली. म्हणून तिला जान्हवी म्हणावयाचे.

माझ्या मते जन्हू हा आपल्या वाङ्मयातला पहिला धरणग्रस्त. मात्र तो भाग्यवान धरणग्रस्त होता. त्याच्या अंगी तपाचे बळ होते, त्यामुळे त्याची तक्रार ऐकण्यास खुद्द देवांना यावे लागले. आणि बुडालेल्या भूमीच्या मोबदल्यात नदीला त्याचे नाव मिळाले. आमच्या काळच्या जन्हूंना यांतले काहीच लाभलेले नाही. कोयनेच्या जलाशयाचे नाव शिवसागर, पैठणच्या जलाशयाचे नाथसागर, उजनीच्या जलाशयाचे यशवंतसागर, तिकडे पंजाब-हिमाचलातल्या भाक्र्याच्या जलाशयाचे गोविंदसागर. नावे थोरांची आहेत आणि ती वंद्यही आहेत. परंतु तळाशी गेलेल्या एकाही गावाचे नाव त्यांत नाही.

हे सर्व आठवण्याचे कारण असे की गेली काही वर्षे मी मराठी कथा-कादंबरीत पाणी शोधतो आहे. पाऊस नव्हे, पाऊस आमच्या वाङ्मयात मुबलक पडतो. मी म्हणतो ते अडवलेले, मोजलेले, वाटलेले आणि न वाटलेले पाणी. गेल्या पाऊणशे वर्षांत महाराष्ट्रात जी काही आर्थिक भरभराट झाली तिचा फार मोठा भाग या अडवलेल्या पाण्यावर उभा आहे. सृष्टीची जी नासधूस झाली तिचाही मोठा भाग तेथेच आहे. आणि कोणाला किती मिळाले हा न्यायाचा प्रश्न तर कालव्याच्या दारावरच उभा असतो. तिन्ही गोष्टी एका जागी भेटाव्यात असे ठिकाण कादंबरीकाराला वारंवार मिळत नाही. ते मिळूनही आमच्या कादंबरीने त्याचे काय केले, हे पाहण्याजोगे आहे.

आरंभ गोपाल नीलकंठ दांडेकरांपासून करतो. भाक्रा-नांगलच्या उभारणीवर त्यांनी कादंबरी लिहिली आणि तिला नाव दिले ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’. या नावातच तिची भूमिका आहे. सव्वादोनशे मीटर उंचीची ती भिंत बांधणारे इंजिनियर, गवंडी, मजूर हे सगळे भगीरथाचे वंशज, अशी ती कल्पना. गोनीदा पायांनी देश पालथा घातलेला माणूस. घामाची आणि हातांच्या कौशल्याची त्यांना मनापासून ओढ. स्वातंत्र्य नुकते आलेले, धान्य परदेशातून यावयाचे, अशा वेळी एवढी मोठी गोष्ट आपली माणसे उभी करीत आहेत हे पाहून ज्याचे मन उचंबळले नसते तो लेखक कसला? आज या उत्साहाला हसण्याची चाल पडली आहे. मला ती क्षुद्र वाटते. पंडित नेहरूंनी धरणांना मंदिरांची उपमा दिली हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यांनीच १९५८ च्या नोव्हेंबरात सिंचन आणि वीज मंडळापुढे बोलताना प्रचंडपणाच्या हव्यासाला रोग म्हटले होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. म्हणजे शंका त्या काळीही होती, आणि ती मंदिर बांधणाऱ्याच्याच मनात होती. १९६३ च्या ऑक्टोबरात भाक्रा राष्ट्राला अर्पण झाले. जुने बिलासपूर गाव त्याच्या पाण्याखाली गेले; पाणी उतरले की तेथील देवळे आजही वर येतात. उठवलेल्यांपैकी कित्येकांना दूर हिसारकडे जमिनी दिल्या गेल्या. डोंगरातल्या माणसाला मैदानात नेऊन सोडले की त्याचे काय होते, हा एका वेगळ्या कादंबरीचा विषय आहे.

महाराष्ट्रात तर जन्हूचा संताप भाक्र्याच्या कितीतरी आधी प्रगट झाला होता. १९२१ च्या रामनवमीला मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीजकंपनीचे धरण नीला-मुळेच्या संगमाशी होणार होते, मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, आणि मावळच्या शेतकऱ्यांना आपली भातखाचरे हवी होती. सेनापती बापट हे नाव आपण शाळेत शिकतो ते याच लढ्यामुळे. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा इतिहास लिहिला आहे. तो वाचताना एक गोष्ट मनाला टोचते: मुळशीतल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या, आणि मोबदल्याचा आकडा वाढताच त्यांचा विरोध मावळत गेला. जमिनीचा मालक वेगळा आणि जमिनीवर जगणारा वेगळा, ही फट त्या दिवशी प्रथम दिसली आणि पुढे शंभर वर्षे बुजली नाही. एवढे नाट्य घराच्या उंबऱ्याशी घडूनही त्यावरची मोठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. मात्र याच मुळशीच्या डोंगरातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी जमवायला आरंभ केला आणि तो संग्रह लाखावर गेला. ज्या ठिकाणी पुस्तके गप्प होती तेथे जाती बोलत होती म्हणायचे.

मुळशीनंतर सत्तर वर्षांनी, १९९१ साली, विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. धरणाखाली जाणारे गाव, तेथून उठवलेली माणसे, त्यांचे कचेऱ्यांचे उंबरे झिजवणे, असा तिचा विषय. नाव अगदी अचूक. झाडाझडती घ्यावयाची ती चोराची. येथे ती देणाऱ्याची घेतली जाते. ज्याने जमीन दिली त्यालाच दाखले मागायचे, उतारे मागायचे, तू खरोखर बुडालास का याचा पुरावा मागायचा! पाटील महसूल खात्यात अधिकारी होते. फायलीचा प्रवास, शेऱ्यांची भाषा, नकाशावरची लाल रेषा आणि जमिनीवरचा दगड यांतले अंतर त्यांनी आतून पाहिले होते. ही आतली माहिती हेच या कादंबरीचे मोठे बळ आहे. करुणा पुष्कळांजवळ असते, माहिती थोड्यांजवळ. घरात कोणी वडीलधारे तलाठी किंवा मामलेदार कचेरीत नोकरीला असतील तर त्यांनी ही कादंबरी जरूर वाचावी, आणि वाचून झाल्यावर चारचौघांत तिच्याविषयी बोलावे.

तथापि या कादंबरीपाशी मी थोडा अडखळतो. तिच्यात लाचखोर, दलाल, संधिसाधू पुढारी यांची दाटी आहे. ते खोटे आहे असे कोण म्हणेल? पण खलपुरुष भरपूर असले की वाचकाची एक सोय होते. सगळे पाप त्यांच्या माथी मारून तो सुटतो. कारकून प्रामाणिक असता, पुढारी निर्मळ असता, मोबदला वेळेवर मिळाला असता, तर सगळे ठीक झाले असते काय? याचे उत्तर कादंबरीबाहेरच्या कोयनेत मिळते.

कोयनेचे काम १९५४ च्या सुमारास सुरू झाले. पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेऊन खाली सोडायचे, त्यावर वीज करायची, आणि मग ते पाणी वाशिष्ठीवाटे समुद्राला. आज तेथे सुमारे दोन हजार मेगावॅटची यंत्रे आहेत, आणि दिवाळीत आपण खिडकीला ज्या विजेच्या माळा लावतो त्यांत कोयनेचाही वाटा असतो. ज्यांची भाते बुडाली त्यांच्याकडे त्या पाण्याचा पाट जाणे शक्यच नव्हते, कारण ते बहुतेक पाणी डोंगरापलीकडे उतरत होते. लाभक्षेत्रातल्या मोठ्या जमीनदाराची काही जमीन घेऊन ती धरणग्रस्ताला द्यावी असा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली; कोयनेचे लोक त्याच्या कितीतरी आधी उठले होते. कोणी सोलापुराकडे गेले, कोणी रायगड-ठाण्याकडे. जी गावे वर डोंगरात सरकली त्यांतली काही १९८५ साली अभयारण्याच्या हद्दीत आली, आणि २०१० नंतर व्याघ्रप्रकल्पाच्या. प्रथम पाण्यासाठी उठा, मग वाघासाठी उठा! २०१८ साली कोयनानगरला हे लोक धरणे धरून बसले होते, तेव्हा त्यांच्यात धरण बांधताना उठवलेल्यांचे नातू होते. या साऱ्या कथेत मला एकही कपटी खलनायक लागत नाही. वीज हवी होती हे खरे, जंगल राखले पाहिजे हेही खरे. दोन खऱ्या गरजांच्या मध्ये त्याच त्या माणसाला दोनदा उभे केले गेले. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे जमीन हादरली आणि शेदीडशेच्या वर माणसे गेली, ते दुःख आणखी निराळेच.

आता पाण्याबरोबर खाली जाऊ या. कारण धरणाच्या भिंतीपाशी फक्त अर्धी गोष्ट असते; उरलेली अर्धी कालव्यावर. आणि तेथपर्यंत आमची कादंबरी क्वचित येते.

कालव्याची बाजू मांडताना प्रामाणिक राहिले पाहिजे. १९४८ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांपासून झालेल्या लाभांची पाहणी प्रसिद्ध केली. ती करणारे धनंजयराव गाडगीळ. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी हेच अर्थशास्त्रज्ञ बसले. कर्जाने पिचलेला शेतकरी कारखान्याचा मालक झाला, पाठोपाठ शाळा आल्या, दवाखाने आले, मुली कॉलेजात गेल्या. ज्यांनी आपल्या आजीच्या तोंडून सावकाराच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांना याचे मोल सांगावे लागत नाही. उसाने माणसे मोठी केली, यात शंका घेण्याचे कारण नाही.

फक्त उसाने पाणी किती घेतले याचा जमाखर्च मांडायचा राहून गेला. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने महाराष्ट्रातल्या एक किलो साखरेमागे सिंचनाचे दोन हजार लिटरच्या घरात पाणी लागते असे सांगितले आहे. राज्याच्या पिकाखालील जमिनीचा अगदी लहानसा तुकडा उसाकडे, आणि सिंचनाच्या पाण्याचा अर्ध्याहून मोठा वाटाही उसाकडे. फराळाच्या ताटातल्या चिरोट्यावर जी साखर भुरभुरलेली असते तिच्याकडे या दृष्टीने पाहण्याची मी कोणावर सक्ती करीत नाही. सणाच्या दिवशी असल्या गोष्टी बोलू नयेत असे आमच्या घरातही मानतात. पण पाणी जास्त दिल्याने सांगली-कोल्हापूरकडची कृष्णाकाठची काळीभोर रानेच क्षारपड झाली, मीठ फुटून पांढरी पडली, हे कृष्णाकाठचा शेतकरी स्वतःच सांगतो. उसाचे रान लांबून हिरवेगार दिसते आणि शहरातून मोटारीने जाणाऱ्याला वाटते, अहाहा, काय सृष्टी! उजनीच्या पाण्यावर भिगवणला रोहित पक्षी पाहण्यास हल्ली कुटुंबेच्या कुटुंबे जातात. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की तेथेच पळसनाथाचे देऊळ वर येते आणि त्याचीही छायाचित्रे निघतात. जुने पळसदेव त्याच पाण्याखाली गेले आहे.

धनंजयरावांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांनी २०११ साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला. डोंगराचा कोणता भाग कसा राखावा हे त्यात होतेच, परंतु अंतिम विचार ग्रामसभांशी बोलून व्हावा हा आग्रहही होता. तो अहवाल न वाचताच पुष्कळांनी त्यावर राग धरला. वडिलांनी कालव्याचा लाभ मोजला, मुलाने डोंगराची झीज मोजली. एका घरातल्या या दोन पिढ्यांकडे एकत्र पाहिले तर आपल्या साऱ्या शतकाचा वाद समोर येतो. आणि गंमत म्हणजे दोघांच्याही मनात गावचा साधा माणूसच होता.

उसाच्या आणि यंत्राच्या या नव्या जगात वाङ्मयाने पाऊल टाकले ते आनंद यादवांच्या ‘गोतावळ्या’त, १९७१ साली. नारबा नावाचा शेतगडी, त्याचे बैल, त्याची म्हैस, कुत्री, पाखरे, झाडे हा त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो. बस, एवढेच घडते. ट्रॅक्टर वाईट नाही, मालकही राक्षस नाही. त्याच्या हिशेबाने त्याचे बरोबरच आहे. पण बैल विकले जातात आणि त्यांच्याबरोबर नारबाचे जगच उचलले जाते. ही कादंबरी मी तीनदा वाचली. प्रत्येक वेळी मला हे जाणवले की यादवांनी आर्थिक वाढीविषयी एक अक्षर न उच्चारता तिचे मर्म सांगितले आहे. माणूस आणि जनावर येथे एकाच दोरीने बांधलेले आहेत. ती दोरी तुटली की दोघेही एकदमच निराधार होतात. सृष्टीचा प्रश्न आणि गरिबाचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी गोतावळा पाहावा. तिचा कोल्हापुरी बाज पहिल्या दहा पानांत थोडा जड जातो. पुढे जात नाही.

तरीही गोतावळा एका मळ्याच्या बांधातच राहते. धरणाची भिंत, बुडालेले गाव, मजूर, ऊस, तहान, हे सारे एका दृष्टीत आणण्याचे काम मला आढळले ते कादंबरीत नव्हे, तर दया पवारांच्या एका कवितेत. ती सभांतून, मोर्चांतून इतकी गायिली गेली आहे की पुष्कळांना ती लोकगीतच वाटते. धरणावर राबणारी बाई बोलते आहे. तिने अडवलेल्या पाण्यावर दुसऱ्याच्या उसात साखर भरते, आणि तिला स्वतःला मात्र घोटभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. एवढाच आशय. पण पाहा, भगीरथाच्या पुत्रांत ती आहे, कारण धरण तिनेच बांधले. आणि जन्हूच्या वारसांतही ती आहे, कारण तिच्या वाट्याला काही आले नाही. जन्हूजवळ बुडण्यासारखी यज्ञभूमी तरी होती. हिच्या नावावर सात-बाराच नाही, त्यामुळे ती बुडाली अशी नोंदही होत नाही. ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातल्या कवीला हे प्रथम दिसावे यात नवल नाही. आमच्या पांढरपेशा लेखकांना पाणी सौंदर्य म्हणून दिसते, शेतकरी लेखकांना जमिनीचा धर्म म्हणून दिसते. पाणी हा हक्क म्हणून पाहावयास अगोदर ते कोणीतरी नाकारलेले असावे लागते.

त्या बाईची नात आज बीड जिल्ह्यातून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि फिटेपर्यंत तोडत राहायचे. गावाला पाणी येत नाही म्हणून माणसे पाणी पोचलेल्या गावाला जातात, आणि तेथे त्या पाण्याचे झालेले ऊस तोडतात. या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचे प्रमाण पाहून २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपण फराळाला बसतो त्या दिवसांत त्यांच्या खोपी फडाच्या कडेला पडू लागलेल्या असतात. ही यात्रा दरवर्षी शेकडो मैल चालते. ललित लेखनात ती येते ती बहुधा एका कुटुंबाच्या हालाची कथा म्हणून. पाण्याच्या वाटणीची कथा म्हणून नव्हे.

यावर एक आक्षेप मला ऐकू येतो आहे. कादंबरी म्हणजे पाटबंधारे खात्याचा अहवाल नव्हे. टीएमसी आणि आवर्तने यांत रस कोठून यायचा? आक्षेप जुना आहे आणि आदराने घेण्याजोगा आहे. त्याला उत्तर म्हणून मी ‘बनगरवाडी’ पुढे करतो. १९५५ सालची ती छोटीशी कादंबरी. औंध संस्थानातला एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा भरवतो, माणसे ओळखीची होतात. मग पाऊस दगा देतो, मेंढरे मरतात, वाडी उठून जाते आणि मास्तरही निघतो. व्यंकटेश माडगूळकरांनी दुष्काळाची मीमांसा केलेली नाही. त्यांनी फक्त पाहिले, आणि जे पाहिले ते नेमके सांगितले. मेंढराला काय लागते, ते कशाने मरते, माणूस कोणत्या दिवशी बाडबिस्तरा बांधतो, हे सगळे तेथे आहे. अचूक माहितीत रस असतोच. कंटाळा येतो तो मोघमपणाचा. आवर्तन किती दिवसांचे आहे हे ज्याच्या पोराबाळांच्या जेवणावर अवलंबून आहे त्याला तो आकडा रुक्ष वाटत नाही.

आणि बनगरवाडीच्या मुलखाचे पुढे काय झाले, हे तर कोणीतरी लिहिलेच पाहिजे. माणदेशातल्या आटपाडीत १९९३ पासून वर्षानुवर्षे पाणी परिषदा भरल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासारख्यांच्या भोवती तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसे जमली. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलायचे आणि पंपांनी टप्प्याटप्प्याने चढवीत माणदेशात न्यायचे, ही योजना रखडत रखडत का होईना पण पुरी होत आली. पाणी आले. मग लगेच पुढचा प्रश्न आला: ते कोणाला किती? तेथल्या चळवळीचे म्हणणे असे की उघड्या पाटाऐवजी बंद नळातून न्यावे आणि प्रत्येक कुटुंबाला सारखे द्यावे. पुरंदरात नायगावला विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायतीत हेच तत्त्व आधी चालवून दाखवले होते. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या डोयांच्या मापाने द्यायचे, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही. साधे वाटते, पण ते अमलात आणताना भाऊबंदकीपासून निवडणुकीपर्यंत काय काय उसळत असेल! २०१९ साली तर एकाच सांगली जिल्ह्यात उन्हाळ्यात आटपाडी-जतला टँकर आणि जनावरांच्या छावण्या होत्या, आणि ऑगस्टात पलूस-मिरजेच्या गावांत छपरापर्यंत कृष्णा चढली होती. मधले अंतर एका दिवसाच्या एस.टी. प्रवासाएवढेही नाही.

या कादंबरीतली पात्रे मला दिसतात. पाटकरी असेल, ज्याच्या हातात दाराची किल्ली आणि ज्याच्या दारात साऱ्या गावाची लाचारी. हेडचा बागाइतदार असेल, बाप धरणग्रस्तांच्या मोर्च्याला भाकरी पोचवणारा आणि मुलगा रात्री चारी फोडणारा. टेलचा शेतकरी असेल, पहाटे तीनला वीज येते म्हणून बॅटरी घेऊन दारे धरायला गेलेला आणि कोरड्या चारीत उभा राहिलेला. पुनर्वसनाच्या गावठाणात नांदायला आलेली सून असेल, जिला सासरच्या देवाचे मूळ ठिकाण पाण्याखाली आहे हे लग्नानंतर कळते. खलनायक एकही नको. ‘समन्यायी’ हा शब्द सरकारी कायद्यात येऊन वीस वर्षे होत आली. नाशिक-नगरने जायकवाडीला किती पाणी सोडायचे यावर पावसाळा सरला की अजून न्यायालयात धाव घेतली जाते, आणि कादंबरीत तो शब्द मला अद्याप भेटलेला नाही.

माझे वाचन सर्वस्पर्शी आहे असा माझा दावा नाही. नागपूर-औरंगाबादकडे लहान प्रकाशकांची पुस्तके निघतात ती पुण्या-मुंबईच्या दुकानांत पोचतच नाहीत. तेव्हा कालव्याच्या कडेने लिहिलेली अशी कादंबरी कोणा वाचकाच्या पाहण्यात असेल तर त्याने संपादकांच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. भाऊबीजेच्या आत पत्र आले तर सुट्टी हाताशी आहे.